पवन्या गवताचा ऱ्हास आणि आपली गायराने

ज्वारीच्या दहा वाणांची नावे तोंडपाठ सांगणारा शेतकरीसुद्धा गायरानाकडे बोट दाखवून "गवत आहे" एवढेच म्हणतो. माळावरच्या प्रत्येक गवताला स्वतंत्र नाव आहे, स्वतंत्र गुण आहे आणि जनावरालाही त्यांतला भेद उत्तम कळतो, ही गोष्ट मात्र आपल्या विस्मरणात चालली आहे. पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, रोशा ही नावे जुन्या गुराख्यांना ठाऊक असत. आज ही नावे विचारली तर गावात दोन-चार वृद्ध माणसेच उत्तर देऊ शकतात. नाव गेले की वस्तू केव्हा गेली हेही कळत नाही. आणि पवन्याच्या बाबतीत नेमके तेच घडत आहे. सबब या गवताची ओळख, त्याच्या ऱ्हासाची कारणे आणि ते राखण्याचे उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पवन्याला काही भागांत शेडा असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव सेहिमा नर्व्होसम. हे बहुवर्षायू, म्हणजे एकदा रुजल्यावर वर्षानुवर्षे त्याच बुंध्यातून फुटणारे गवत आहे. ते ठोंबांनी वाढते, काड्या बारीक असतात आणि चांगल्या जागी कमरेच्या उंचीपर्यंत येते. ओळखीची खूण त्याच्या तुऱ्यात आहे. मारवेलच्या काडीच्या टोकाला बोटांसारखे अनेक तुरे असतात आणि पेऱ्यावर पांढऱ्या केसांचे कडे दिसते. पवन्याला मात्र एका काडीवर एकच तुरा येतो, तो किंचित वाकलेला आणि फिकट रंगाचा असतो. दाण्यावरील तुसावर उभ्या शिरा स्पष्ट उमटलेल्या असतात. लॅटिन नावातील 'नर्व्होसम' या शब्दाचा रोख त्या शिरांकडेच आहे. याच प्रजातीतील सेहिमा सल्केटम या दुसऱ्या गवतालाही आपल्याकडे पवना म्हणतात. त्याच्या तुसावर खोल खाच असते. दोन्ही गवते वैरणीस चांगली, तेव्हा व्यवहारात त्यांची गल्लत झाली तरी शेतकऱ्याचे नुकसान नाही.

हे गवत धोक्यात आहे असे म्हणताना कोणत्या अर्थाने, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पवन्या जगातून नाहीसा होत नाही. आफ्रिकेपासून अरबस्तान, भारत आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा पसारा आहे. धोका आहे तो आपल्या गायरानांतील, आपल्या डोंगरउतारांवरील पवन्याला. अगदी अरुंद जागेत राहणाऱ्या गवताची कथा निराळी असते. हबार्डिया हेप्टान्यूरॉन नावाचे एक नाजूक गवत १९१९ साली गिरसप्प्याच्या धबधब्याजवळ, तुषारांनी सतत भिजणाऱ्या खडकावर सापडले होते. त्यानंतर ते कोणालाच दिसेना आणि ते नष्ट झाले असे धरले गेले. पुढे या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. एस. आर. यादव आणि त्यांचे सहकारी यांना ते तिलारी घाटात पुन्हा मिळाले. असे गवत एका कड्यावर जगते आणि त्या कड्याचे पाणी वळले की मरते. पवन्याचे मरण इतके ठळक नसते. तो एका गायरानातून जातो, मग शेजारच्या गायरानातून जातो. माळ हिरवाच दिसत राहतो आणि म्हणून कोणी दखल घेत नाही.

ही दखल कशी घ्यावी, हे समजण्यासाठी छत्रपती संभाजीनगरचेच, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचेच उदाहरण घेऊ. शहागंज ही या शहराची जुनी बाजारपेठ. तेथील घड्याळाचा मनोरा खेड्यांतून बाजारहाटाला येणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. शहागंज मागे टाकून दिल्ली दरवाजातून बाहेर पडावे, हिमायतबागेवरून हर्सूलच्या वाटेला लागावे आणि पुढे चौक्याच्या घाटाकडे जावे. किंवा पश्चिमेला दौलताबादवरून खुलताबाद आणि म्हैसमाळ गाठावे. वाटेत ज्या पडीक जागा, गायराने आणि उतार लागतील त्यांच्याकडे नीट पाहिले, तर गवताच्या ऱ्हासाच्या पायऱ्या पुस्तकाची पाने उलटावीत तशा वाचता येतात.

मुरमाड उतारावर पवन्या आणि थोडी माती असलेल्या सखल भागी मारवेल, ही या प्रदेशातील माळाची चांगली स्थिती होय. झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेतील दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार पाडले. त्यांपैकी मध्य भारत व दख्खनच्या पठारावरील प्रकाराला त्यांनी याच दोन गवतांच्या प्रजातींची नावे दिली. चराई मर्यादेबाहेर गेली की ही दोन्ही मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. कुसळी सर्वांना माहीत आहे; तिची काळपट कुसळे टोकाशी एकमेकांत पिळून दोरीसारखी होतात, धोतरात शिरतात आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोचतात. ओझे त्याहून वाढले तर कुसळीही विरळ होऊन तीन कुसळांचे ते खुरटे, काटक गवत येते, ज्यात जनावराच्या पोटाला आधार असा नाहीच. शेवटच्या पायरीवर मुरूम उघडा पडतो आणि त्यावर जनावरे तोंड लावीत नाहीत असा तरवड तेवढा पिवळ्या फुलांनी बहरतो. पाहुण्याला ते दृश्य शोभिवंत वाटते. पण ज्या गायरानात तरवडाखेरीज काही उभे नाही, ते गायरान संपत आले असे खुशाल समजावे.

आता कारणांकडे वळू. सर्वांत मोठे कारण जनावरांची संख्या हे नसून चराईची वेळ हे आहे, असे माझे मत आहे. बहुवर्षायू गवत उन्हाळ्यात वरून वाळलेले दिसले तरी त्याच्या बुंध्यात आणि मुळांत अन्नाचा साठा असतो. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर नवी पाने फुटतात ती या साठ्यावर. ही पाने मोठी होऊन पुन्हा अन्न तयार करू लागेपर्यंत गवत जणू उधारीवर जगत असते. नेमक्या याच दिवसांत उन्हाळाभर उपाशी राहिलेली जनावरे माळावर सुटतात आणि प्रत्येक कोंब जमिनीसरसा खाल्ला जातो. गवत पुन्हा फुटते, पुन्हा खाल्ले जाते. साठा रिकामा झाला की ठोंब मधूनच वाळू लागतो आणि दोन-तीन वर्षांत त्या जागी फक्त काळा बुडखा राहतो. ओल्या जमिनीवर खुरांनी माती दडपली जाते, हा तोटा वेगळाच.

त्यात जनावराची निवड असते. बैल असो वा शेळी, पुढ्यात दहा गवते असली तर ती गोड गवत आधी खातात. पवन्या आणि मारवेल रुचकर, म्हणून त्यांना बी धरण्याची संधी मिळत नाही. नावडते गवत शिल्लक राहते, फुलते, बी टाकते आणि पुढच्या वर्षी दुपटीने येते. चांगल्या गवताचा चांगुलपणाच त्याच्या मुळावर येतो. मोकळ्या, मालक नसलेल्या चराईत ही निवड वर्षानुवर्षे चालते आणि माळाचे बियाणे हळूहळू पालटून जाते.

वणव्याचाही हिशेब असाच आहे. जुने गवत जाळले की नवे गवत जोमाने येते, हा समज गावोगाव दृढ आहे. राख झालेल्या माळावर कोंब लवकर दिसतात हे खरे. परंतु कोणते कोंब दिसतात ते कोणी पाहत नाही. कुसळीच्या बियांना पीळदार कुसळ असते. हवेतील ओल कमी-जास्त झाली की ते कुसळ वळते, उलगडते आणि गिरमिटासारखे बी जमिनीत घुसवते. जमिनीच्या पोटात शिरलेले बी आगीतून वाचते. वरवर पडलेले बी जळून जाते. दरसाल आग लागणाऱ्या डोंगरावर कुसळीचे राज्य होते ते यामुळे. शिवाय पालापाचोळा जळाल्याने पहिल्या वळिवात उघड्या उतारावरची माती वाहून जाते आणि तीच माती खालच्या पाझर तलावात गाळ होऊन बसते. वणव्याचा दोष नेहमी गुराख्याच्या माथी मारला जातो. रस्त्याकडेला टाकलेली विडी आणि बांध जाळताना सुटलेली आग यांची चौकशी मात्र फारशी होत नाही.

नांगर हे तिसरे कारण. गायरानाची जमीन सातत्याने घटत आहे. शहराच्या कडेने वसाहती वाढल्या. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे कारखानदारी उभी राहिली. गावाच्या प्रत्येक सार्वजनिक कामाला जागा हवी झाली की पहिली नजर गायरानावरच जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. सामाईक जमिनीवरील बेकायदेशीर कब्जे हटविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जानेवारीत जगपालसिंग खटल्यात स्पष्ट निर्देश दिले आणि त्यास अनुसरून राज्य शासनानेही त्याच वर्षी जुलैमध्ये निर्णय काढला. तथापि मराठवाड्यात या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती डोळ्यांआड करणे न्यायाचे नाही. येथील अनेक दलित व भूमिहीन कुटुंबांनी गायरानाचा एखादा तुकडा कसून त्यावर संसार उभा केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा या मागणीमागे आहे. दोन एकर मुरमावर बाजरी पेरणारा भूमिहीन आणि धाब्यासाठी वा भूखंडासाठी गायरान बळकावणारा धनिक यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. गवत राखण्याच्या नावाखाली पहिल्याला उठवावे आणि दुसऱ्याला नोटीसही जाऊ नये, असे घडले तर गावात गवताला कोणी मित्र उरणार नाही.

चौथे कारण काहीसे नाजूक आहे, कारण ते चांगल्या हेतूने केलेल्या कामातून आले आहे. गवताळ माळ ही आपल्या दफ्तरी 'पडीक' जमीन. सातबारावर तिची नोंद पोटखराबा अशी होते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही चराऊ जमिनीला स्थान मिळाले आहे. जमीन पडीक ठरली की तिचा उद्धार करावयाचा, आणि उद्धार म्हणजे झाडे, हे समीकरण रूढ झाले. त्यातून माळांवर गिरिपुष्प, सुबाभूळ यांची दाट लागवड झाली. पवन्याला भरपूर ऊन लागते; सावली दाटली की तो विरळ होतो आणि खाली चारा राहत नाही. मृद्संधारणाच्या चरांचेही तसेच. उघड्या, घळी पडलेल्या उतारावर चर आवश्यकच आहेत. परंतु जेथे पवन्याचे ठोंब एकमेकांना भिडून उभे आहेत, तेथे यंत्राने चर खणणे म्हणजे पाणी अडविणारी हजारो जिवंत बंधाऱ्यांची रांग उपटून त्या जागी एक मातीचा खड्डा करणे होय. काम मंजूर करण्यापूर्वी जागेवर गवत कोणते आहे हे पाहण्याची पद्धत पडली पाहिजे.

घाणेरी, वेडी बाभूळ आणि गाजरगवत या परदेशी आगंतुकांविषयी वाचकांना बहुतेक सर्व माहीत आहे. गाजरगवत पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आले आणि आज त्याच्याविना एकही गाव नाही. एवढे मात्र लक्षात घ्यावे की ही तणे सहसा धडधाकट गवतात शिरत नाहीत; चराईने, खोदाईने अथवा आगीने जमीन उघडी पडली की तेथे पाय रोवतात. शेताच्या बांधावरील मारवेलीला निराळा धोका आहे. ट्रॅक्टरला वळण मिळावे म्हणून बांध कोरले जातात आणि उरलेल्या बांधावर तणनाशक मारले जाते. पीक स्वच्छ दिसते. बांध मात्र पुढच्या पावसात फुटतो.

या सर्वांचा शेतकऱ्याच्या पदराशी काय संबंध, असे कोणी विचारील. पूर्वी आपल्या भागात जनावरांचा आधार ज्वारीचा कडबा हा होता. आता शिवारे कापूस, मका आणि सोयाबीनने भरली. कपाशीपासून वैरण मिळत नाही आणि सोयाबीनचा भुसा कडब्याची जागा भरून काढू शकत नाही. कडबा घटला त्याच काळात गायरानही ओसाड झाले, म्हणजे दावणीच्या दोन्ही बाजू एकदम रिकाम्या झाल्या. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधारी मंडळी सांगतात. अलीकडे २०१८-१९ मध्येही चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्याच्याकडे जमीन व विहीर आहे तो नेपियरचे दोन वाफे लावून निभावून नेतो. ज्याच्याकडे चार उस्मानाबादी शेळ्या किंवा एक गाय एवढेच भांडवल आहे, त्याला गायरानाखेरीज दुसरे शेत नाही. आणि दुष्काळात पहिल्या चार-दोन सरींवर जे उगवते ते जुन्या, खोल मुळांचे गवत. दरवर्षी बियांपासून येणारे गवत अशा वेळी दगा देते. तणमोरासारखा पक्षी, ज्याचे नावच गवतावरून पडले आहे, तोही या माळांवरच अंडी घालीत असे.

उपायाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: गवताला बी टाकू द्यावे. परंतु हे वाटते तितके सोपे नाही, कारण येथे एक खरी अडचण आहे. वैरण कसदार हवी तर गवत फुलोऱ्यात, म्हणजे भाद्रपद-आश्विनात कापले पाहिजे. नंतर काड्या कडक होतात आणि प्रथिनांचे प्रमाण घटते. उलट बी हवे तर कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत थांबले पाहिजे. दोन्ही एकाच जागी साधत नाही. म्हणून गायरानाचे चार भाग करावेत. तीन भाग फुलोऱ्यात कापून, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून त्यांच्या गंज्या रचाव्यात. चौथा भाग बी गळून पडेपर्यंत अजिबात हलवू नये; ते झाल्यावर उरलेल्या काड्या जनावरांना चरू द्याव्यात. पुढच्या वर्षी राखीव भाग बदलावा. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकदा विसावा मिळतो. ज्या भागात कुसळी माजली आहे, तेथे मात्र कुसळे धरण्यापूर्वीच कापणी उरकावी. कापताना जमिनीपासून चार-पाच बोटे, सुमारे १० सेंटिमीटर, बुडखा ठेवावा. खरडून कापलेल्या गवताची एक पेंढी जास्त मिळते आणि पुढील वर्षीच्या चार जातात.

पावसाच्या आरंभीचे पाच-सहा आठवडे जनावरे माळावर न सोडणे हा सर्वांत कठीण, पण सर्वांत फलदायी नियम होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाच्या संमतीने पाळून दाखविली. तेथे जनावर सोडण्यास मनाई, पण गवत कापून नेण्यास मुभा, अशी रीत ठेवली. ही मुभा महत्त्वाची आहे. नुसती बंदी घातली तर शेळीवाल्या कुटुंबाने त्या दिवसांत काय करावे? या कुटुंबांना राखीव भागातील कापणीचा पहिला हक्क द्यावा आणि मेंढपाळांच्या फिरत्या कळपांसाठी कापणीनंतरचा काळ ठरवून द्यावा. असे केल्यावाचून ठराव कागदावरच राहतो.

ज्या गायरानात पवन्या पार संपला आहे, तेथे तो पुन्हा आणता येतो. बियांचा मार्ग स्वस्त पण बेभरवशाचा आहे. हलक्या स्पर्शाने तुरा सुटू लागला की हाताने ओरपून बी गोळा करावे, सावलीत वाळवावे आणि पुढील पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावे. ताजे बी नीट उगवत नाही. गोळा केलेल्या मालात पोचट दाणे पुष्कळ असतात हे धरून चालावे. पेरताना ओलसर माती व कुजलेले शेणखत यांत मिसळून बी वरच्यावर टाकावे, एक सेंटिमीटरहून खोल गाडू नये. ठोंबांचा मार्ग अधिक खात्रीचा. चांगला पाऊस झाल्यावर जोमदार ठोंब खणून त्याचे मुळांसह फुटवे करावेत आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या मीटरवर, दर ठिकाणी दोन-तीन फुटवे लावावेत. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे ४०० जागा बसतात. एकदम एकरभर लागवडीच्या मागे न लागता उताराच्या वरच्या अंगाला एखाद-दोन गुंठ्यांचे ठिपके लावावेत. बी वाऱ्याने आणि पाण्याने खाली आपोआप उतरते. लागवडीच्या जागी पहिली दोन वर्षे जनावर जाता कामा नये.

ठोंब मिळवायचे कोठून, हा प्रश्न उरतो. जेथे चराई पोचत नाही अशा जागा प्रत्येक गावात असतात: देवराई, स्मशानभूमीची कड, रेल्वेचे कुंपण, किल्ल्याचा तुटका उतार, कातळातील भेगा. पवन्या शेवटचा टिकून राहतो तो अशाच ठिकाणी. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या आश्विनात, तुरे बाहेर पडलेले असताना, एखाद्या वृद्ध गुराख्याला बरोबर घेऊन या जागा पाहून ठेवाव्यात आणि सापडलेल्या ठोंबांशेजारी दगडांची खूण करावी. तुरा गळाल्यावर पवन्या आणि कुसळी यांचे वाळलेले बुडखे नवख्याला वेगळे ओळखू येत नाहीत.